वडिलांचे संपूर्ण नाव

आमच्या घरात ‘ते’ म्हणजे गेलेले आणि ‘हे’ म्हणजे असलेले. आई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे, आणि तिला नवरे झाले दोन, त्यामुळे तिच्यावर दोन नावांची बंदी होती. पहिला नवरा म्हणजे माझे वडील दौलत मेश्राम. प्राणहिता नदीत डोंगा उलटून ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. दुसरे मारोती शेंडे, आलापल्लीच्या लाकूड डेपोत लठ्ठ्यांवर नंबर टाकायच्या कामाला होते. माझे वडील गेल्यावर तीन वर्षांनी जातीतल्या चार माणसांनी बसून आईचा पाट लावून दिला आणि ते अहेरीत आमच्या घरी राहायला आले. एक ट्रंक, एक सायकल आणि जुन्या पेपरांचा एक गठ्ठा, एवढंच सामान. आई म्हणायची, “हे येतीन तर पाणी ठेव,” आणि “त्याईले वांग्यातले झिंगे लय आवडत,” आणि कोण कोण ते आम्हाला बरोबर समजायचं. बाहेरचं माणूस मात्र घोटाळ्यात पडायचं.

आईचं भागलं, माझं काय? मी त्यांना काय म्हणायचं? आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, बाबा म्हण. मी मान हलवली. म्हणेन म्हणेन करता आठवडा गेला, मग महिना, मग वर्ष. जेवायला बोलवायचं असलं की मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, “आई म्हणते, वाढलं.” ते अंगणात पाठमोरे असले तर मी ताटाचा आवाज करायची. लांबून जाताना दिसले आणि थांबवायचं असलं तर मी धावत जायची, पण हाक मारायची नाही. लोकांना वाटे पोरगी फटकळ आहे, सावत्र बापाचा राग धरून आहे. राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं, राग कधी तरी उतरतो. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. इथे लिहिताना मी त्यांना मारोतीभाऊ लिहिते, कारण सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणायची आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणायची.

माणूस साधा होता. जातीनं आमचाच, मासे धरणारा ढिवरच, पण लहानपणीच माय-बाप गेल्यामुळे कोरपन्याकडे मामाच्या कापसाच्या वावरात वाढलेला. त्यामुळे त्यांना मासा खाता येत नसे. काटा काढायला बसले की अर्धा घंटा. आई आठवडी बाजारात मासे विकणारी, तळ्यातली नुसती शेपटी पाहून मासा सांगणारी बाई, आणि तिचा नवरा मरळीच्या तुकड्यापुढे हात जोडून बसलेला. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी आईच काटे काढून त्यांच्या भातावर मांस ठेवायची. ते निमूट जेवायचे आणि दर वेळी म्हणायचे, “आज काटे कमी होते.” आई मग म्हणायची, “हो, माशानंच काढून देले.” आमच्या घरात हसू होतं ते असल्याच गोष्टींचं. अंगणात सुकायला घातलेल्या झिंग्यांचा वास, लाकडं कापणाऱ्या आरा मशीनचा दिवसभराचा आवाज, तो थांबला की समजायचं जेवायची सुट्टी झाली, आणि दुपारी चंद्रपूरची बस आली की तिचा लांबलचक भोंगा.

त्या बसच्या टपावरून पेपराचा गठ्ठा यायचा. स्टँडसमोर हमीदभाईंचं सायकलचं दुकान होतं, तेच पेपर विकायचे. हमीदभाई माझ्या वडिलांचे जिवलग दोस्त; डोंगा उलटला त्या दिवशी नदीकाठानं दोन दिवस फिरले होते. मारोतीभाऊंशी त्यांनी सुरुवातीला तोलूनमापूनच बोलणं ठेवलं, पण मारोतीभाऊ रोज पेपराला यायचे आणि पेपराला येणारा माणूस किती दिवस परका राहील. मारोतीभाऊ शिकले होते चौथी. बातम्यांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. ते पेपर घ्यायचे शब्दकोड्यासाठी. त्यांनी आणलेल्या त्या गठ्ठ्यातही सगळी सोडवलेली कोडीच होती. डेपोतल्या निळ्या पेन्सिलीनं एकेक चौकोन भरायचे, चुकलं तर थुंकी लावून पुसायचे. सायकलवर बसून लठ्ठे मोजत हिंडणाऱ्या माणसाला एवढे शब्द कुठून माहीत, असं मला वाटायचं. अर्धे त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांतून उचललेले. रात्रभर नाटक पाहायचं आणि सकाळी राजाची भाषणं म्हणत कामावर जायचं, हा त्यांचा जुना छंद.

मी सातवीत असेन. एकदा ते कोड्यावर अडून बसले होते आणि मी मागून जाताना उत्तर बोलून गेले. त्यांनी वर पाहिलं, शब्द लिहिला, आणि चटईवर थोडे सरकले. मी बसले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं कोडं सोडवायचो. ते सूचना वाचायचे, मी उत्तर सांगायची, नाही आलं तर ते सांगायचे. पुढे पुढे त्यांनी लिहायचं काम माझ्याकडेच दिलं. माझं अक्षर चांगलं होतं. या तासाभरात मला त्यांना कशानंही बोलवावं लागत नसे. कोडं मध्ये असलं की आम्ही दोघं फार बोलायचो. आता माझा नातू मोबाइलवर असलं काही तरी खेळतो आणि उत्तर अडलं की बटण दाबतो, मोबाइल उत्तर सांगतो. मी त्याला म्हणते, अरे, शेजारी कोणाला विचार. तो माझ्याकडे पाहतो, म्हातारीला काय कळतं म्हणून.

मी नववीत होते त्या वर्षी रविवारच्या पुरवणीत एक मोठं कोडं आलं. ‘बाप-लेक शब्दकोडे’ असं वर ठळक छापलेलं. सगळे शब्द बापाबद्दलचे. वडील आणि मूल यांनी मिळून सोडवायचं, खालचं कूपन भरून पाठवायचं, पहिल्या तीन जोड्यांना चंद्रपुरात बोलावून बक्षीस देणार. मारोतीभाऊ त्या दिवशी स्टँडवरून सायकल हाणत आले, शर्ट घामानं चिंब. त्यांनी पुरवणी चटईवर पसरली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बसतं काय?” एवढंच. पण मला समजलं की हे रोजच्यासारखं नाही.

बसलो. पहिले शब्द भराभर आले. सीतेचे वडील, जनक. पुत्राच्या वियोगानं प्राण सोडणारा राजा, दशरथ. हा त्यांनी नाटकातल्या आवाजात सांगितला आणि आई चुलीपुढून हसली. पत्रात वडिलांना काय लिहितात, तीर्थरूप. मला उत्तरं येत होती, पण त्यातला एकेक शब्द त्यांच्यासमोर मोठ्यानं उच्चारणं मला जमेना. मी उत्तर बोलण्याऐवजी सरळ लिहायला लागले. मग आडवा शब्द आला, तीन अक्षरी: ज्याला बाप नाही असा. त्यांनी अर्धीच सूचना वाचली आणि थांबले. उत्तर मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. दोघांचंही लहानपण त्याच शब्दात गेलेलं. ते म्हणाले, “हे राहू दे. उभ्यातून आपोआप येते.”

आम्ही उभे शब्द घेतले. घराचं पोट भरणारा, पोशिंदा. त्यातून पहिलं अक्षर आलं. बापाला बोलून दाखवता येत नाही ती, काळजी. त्यातून शेवटचं आलं. मधलं एक घर मात्र कशातूनच भरेना, त्याला उभा शब्दच नव्हता. सगळं कोडं भरलं, तेवढा एक चौकोन पांढरा. मी पेन धरून बसले होते. त्यांनी कानावरची निळी पेन्सिल काढली आणि स्वतः तिथे वाकडातिकडा ‘र’ काढला. मग उठून हात धुवायला गेले.

कूपन माझ्यापुढे होतं. पाल्याचे संपूर्ण नाव. मी लिहिलं, शालिनी दौलत मेश्राम. त्याखाली ओळ होती, वडिलांचे संपूर्ण नाव. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिथे मी विचार न करता लिहिलं. शाळेच्या प्रत्येक कागदावर तेच नाव होतं, परीक्षेच्या फॉर्मवर तेच, आणि गुरुजींनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की दाखल्यावर असेल तेच नाव सगळीकडे लिहायचं, एका मात्रेचा फरक नको. कागद दिसला की दौलत मेश्राम लिहायचं, ही हाताची सवय. पण खोटं कशाला लिहू, आता कोणाची भीती आहे. पेन थांबलं होतं. ज्यानं कोडं सोडवलं तो माणूस मोरीवर हात धूत होता, त्याच्या खाकरण्याचा आवाज येत होता, आणि मला माहीत होतं की हा कागद शाळेचा नाही. तिथे मारोती शेंडे लिहिलं तर नदीत गेलेल्या माणसाचं माझ्याकडे काय उरलं, असं मला वाटलं. मी दौलत लिहिलं. पाकिटाला भाताची शितं लावून तोंड बंद केलं. मारोतीभाऊंनी ते दुसऱ्या दिवशी डेपोला जाताना टाकलं. उघडून पाहायची त्यांना गरजच नव्हती.

निकालाच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले होते, आईनं रॉकेलला पाठवलं म्हणून. हमीदभाईंनी गठ्ठा सोडला, पुरवणी उघडली आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. मारोतीभाऊ त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. पहिलं बक्षीस, कुमारी शालिनी आणि तिचे वडील श्री. दौलत मेश्राम, अहेरी. दुकानात दोघं-तिघं होते, सगळ्यांना दौलत मेश्राम माहीत. माझ्या हातात रॉकेलचा डबा होता, त्याच्याकडे मी बघत राहिले.

हमीदभाई म्हणाले, “गलती छाप दी इन लोगों ने. मैं आजच कार्ड टाकतो, मारोतीभाऊ.”

“नको,” मारोतीभाऊ म्हणाले. “बरोबर हाये. बाप थेच हायेत तिचे.”

त्यांनी पुरवणीची घडी केली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, चल. वाटेत ते सायकल हातात धरून चालले. मी मागे. त्यांनी एकदा तरी विचारावं, काऊन लिहिलं असं, म्हणून मी वाट पाहत होते. विचारलं असतं तर मी रडले असते, काही तरी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन आईला म्हणाले, “पयला नंबर आला पोरीचा.” आईला वाचता येत नव्हतं. तिनं ती पुरवणी कपाळाला लावली आणि लाखोळीचे वडे तळायला घेतले. संध्याकाळी गल्लीत घरोघर जाऊन सांगून आली, आमच्या यांचं नाव पेपरात छापून आलं. ज्यांना वाचता येत होतं तेही हो बाई, हो बाई म्हणाले. मी दारात उभी राहून तिला जाताना पाहत होते. तिला थांबवावं तर काय सांगून थांबवावं?

चंद्रपूरला आम्ही दोघंच गेलो, पहिल्या बसनं. मारोतीभाऊंनी नवा पांढरा शर्ट शिवून घेतला होता. त्याची कॉलर कडक होती, बसमध्ये ते सारखं बोट घालून ती सैल करत होते. आईनं दोघांना एकाच डब्यात तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी बांधून दिली होती, ती राजुऱ्याच्या पुढे आम्ही खाल्ली. ते खिडकीतून दिसणाऱ्या पाट्या वाचत होते आणि मी ठरवत होते की आज बोलायचं. हॉलच्या दारात म्हणू. नाही तर आत बसल्यावर म्हणू. एक शब्द आहे, दोन अक्षरांचा, दीड वर्षाचं लेकरू म्हणते.

हॉल भरलेला होता. आम्हाला चौथ्या रांगेत बसवलं. आधी तिसऱ्या नंबरची जोडी वर गेली, मग दुसऱ्या नंबरची. दुसरा नंबर एका वकिलाचा आणि त्यांच्या मुलाचा होता. माईकवाल्या माणसानं मुलाला विचारलं, कोणी जास्त शब्द सांगितले, तर मुलगा म्हणाला, पप्पांनी, आणि वकिलांनी त्याला पोटाशी धरलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मग माईकवाला म्हणाला, आता पहिलं बक्षीस, अहेरीसारख्या दूरच्या गावातून आलेले श्री. दौलत मेश्राम आणि त्यांची मुलगी शालिनी.

मारोतीभाऊ उठले नाहीत. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते माझ्याकडे थोडे झुकले आणि हळूच म्हणाले, “शालू, मी येऊ काय?”

त्यांच्याबरोबर एका घरात राहून, त्यांनी आणलेलं खाऊन मला सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. याला शब्द लागत नव्हता. या म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती मान हलवायची. दौलत म्हणून तर दौलत म्हणून, तो माणूस त्या नावानंही माझा बाप व्हायला तयार होता. माझी मान हलली नाही. मी त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडे पाहत बसले. माईकवाल्यानं दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मारोतीभाऊंनी थोडी वाट पाहिली, मग मला जाता यावं म्हणून गुडघे बाजूला घेतले.

मी एकटीच वर गेले. माईकवाल्यानं मला फुलं दिली, एक जाड शब्दकोश दिला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, “वडील कुठं आहेत, बाळ?”

मी म्हणाले, “ते नाही आले.”

माईकमधून माझाच आवाज फिरून माझ्या कानावर आला. माईकवाला म्हणाला, असू दे, कामामुळे आले नसतील, पण अशा बापासाठी एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या. टाळ्या झाल्या. मी पायऱ्या उतरून खाली आले आणि माझ्या जागेवर बसले. त्यांनी माझ्या हातातला शब्दकोश घेतला, जड होता म्हणून.

परतीच्या बसमध्ये त्यांनी शब्दकोश मांडीवर उघडला. बल्लारपूरपर्यंत एकेक पान पाहत होते. आत प्रशस्तिपत्र ठेवलेलं होतं, त्यावर वळणदार अक्षरात दोन्ही नावं. ते त्यांनी बोटानं वाचलं आणि म्हणाले, “अक्षर चांगलं काढलं हाये त्याईनं.” मग फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. मी घेतले. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि मी फुटाणे खात होते. हे लिहिताना आजही माझी मलाच चीड येते. पुढे मी नर्स झाले, किती तरी लोकांना शेवटच्या घटकेला सांगितलं, बोलून घ्या, मनात ठेवू नका. लोक माझं ऐकायचे. मारोतीभाऊ त्यानंतर एकवीस वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी केलं, माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहून “आई म्हणते, वाढलं” म्हणत राहिले. एकदा टळलं ते टळलंच. त्या हॉलनंतर तो शब्द उच्चारायचं मला तोंडच राहिलं नव्हतं.

पण त्या दिवशीचं सांगते. घरी पोचलो तर आई दारातच होती, नवं लुगडं नेसून. तिला सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. हॉल केवढा होता, पंखे किती होते, स्टेजवर काय अंथरलं होतं. मारोतीभाऊ बाजेवर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आम्ही दोघं कसे वर गेलो. स्टेजवर उजेड इतका की खालची माणसं दिसत नव्हती. माईकवाला माणूस कसा त्यांचा हात हातात घेऊन बोलला. आईनं विचारलं, मग तुम्ही काय बोलले? ते म्हणाले, “मी काय बोलतो. पोरगीच बोलली.” हे सगळं ते माझ्याकडे न पाहता सांगत होते, आणि नाटकातल्यासारखा आवाज त्यांनी अजिबात लावला नव्हता. मी कोपऱ्यात उभी होते. मध्येच आईनं मला विचारलं, असंच झालं ना? मी हो म्हणाले. इथे मान हलली बघा.

“अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या तुमच्यासाठी?” आईनं विचारलं.

“वाजवल्या,” ते म्हणाले. “लय वाजवल्या.”

ते खोटं नव्हतं. मी स्टेजवरून पाहिलं होतं, उजेड काही एवढा नव्हता. न आलेल्या बापासाठी सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि चौथ्या रांगेत बसून माझे बाबाही वाजवत होते.